शिवडीजवळच्या बंदराच्या जमिनीवर टॉवर, दुकानं, ऑफिसं असा मिक्स्ड-यूज भाग डिझाईन करायचाय, हिरवा आणि पायी फिरता येईल असा. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहात, थिसिसची साईट रे रोड ते शिवडीमधली बीपीटीची, म्हणजे मुंबई पोर्ट ट्रस्टची, जमीन आहे आणि गाईड म्हणतायत आधी टॉवरचा फॉर्म ठरव. मला विचाराल तर टॉवर सगळ्यात शेवटी काढा.

मी कॉटन ग्रीनला वाढलो, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर होता म्हणे, पण भिंत, गोदामं आणि ट्रक यांच्या पलीकडे तो आहे हे मला नीट कळलं ते एकदा फ्लेमिंगो बघायला कोणीतरी नेलं तेव्हा. आता अकरा वर्षं कॅनडात व्हँकुव्हरमध्ये आहे, एका लॅण्डस्केप ऑफिसात ड्रॉइंगं काढतो, आणि रोज फॉल्स क्रीक नावाच्या खाडीच्या कडेने चालत कामाला जातो. म्हणजे तुम्ही जे विचारताय त्याचं एक खरं उदाहरण माझ्या रोजच्या वाटेवर आहे, त्यातल्या चुकांसकट.

ही खाडी पूर्वी लाकडाच्या वखारी, सॉ-मिल आणि रेल्वे यार्डांची, पाणी घाण, माती विषारी. १९८६ ला तिथे एक्स्पो भरला, तो संपल्यावर सरकारने १९८८ मध्ये ८० हेक्टरच्या आसपास जमीन हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या कंपनीला एकगठ्ठा विकली. आता एकाच बिल्डरला एवढी जमीन म्हटल्यावर आपल्याकडे काय झालं असतं ते सांगायला नको. पण तिथे पालिकेने आधीच ठाम धरलं की पाण्याची कड सगळ्यांची, तिच्यावर सलग चालायचा आणि सायकलचा रस्ता असणार, बागा आणि कम्युनिटी सेंटर बिल्डरने द्यायचं, आणि हे सगळं झोनिंगमध्येच, म्हणजे जमीन कशी वापरायची त्या नियमांत, लिहून टाकलं. आज पाण्याकडेचा तो रस्ता, त्याला सीवॉल म्हणतात, कन्व्हेन्शन सेंटरपासून स्पॅनिश बँक्सच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे २८ किलोमीटर जातो. गंमत बघा, मुंबईचा पूर्व किनारा कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत तेवढाच, सुमारे २८ किलोमीटर सांगतात. त्यातला साध्या माणसाला गेटवे आणि भाऊचा धक्का सोडला तर कितीसा दिसतो?

क्रम महत्त्वाचा का म्हणतो, तर गिरणगाव आठवा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ ला नियम असा फिरवला की वाटे फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीचे करायचे, शेड उभी असलेल्या जमिनीचे नाहीत. २००६ ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं. लालबाग-परळला मग टॉवर मिळाले, बागा कुठे आहेत ते तुम्हीच शोधा. म्हणून तुमच्या पहिल्या शीटवर पाण्याकडेचा पट्टा आणि त्याला जाणारे रस्ते एवढंच असू दे, इमारत एकही नको.

रस्ते म्हणजे कसे, तर फॉल्स क्रीकच्या काठच्या यालेटाऊन वस्तीत डेव्ही स्ट्रीट वरून उतरतो तो थेट पाण्यालाच भिडतो, मध्ये सोसायटीचं गेट नाही, वॉचमन नाही. जुन्या शहराचे रस्ते तसेच पुढे ओढलेत. तुमच्याकडे तर लॉटरी लागल्यासारखं आहे, हार्बर लाईनची डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही स्टेशनं जमिनीला चिकटून आहेत. प्रत्येक स्टेशनातून पूर्वेला एक सरळ, सावलीचा रस्ता काढा, बाकी प्लॅन त्यावर आपोआप बसतो. आणि एवढी स्टेशनं असताना घरटी दोन गाड्यांचं पार्किंग कशाला हवंय?

आता पोडियम. हा एकच शब्द दोन्हीकडे आहे आणि अर्थ अगदी उलटा. आपल्याकडे पोडियम म्हणजे पार्किंगचे सहा-सात मजले, एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेत) धरत नाहीत म्हणून बिनधास्त चढवलेले, वर स्विमिंग पूल, आणि फुटपाथवरून चालणाऱ्याच्या नशिबी जाळीची भिंत आणि एग्झॉस्टची गरम हवा. व्हँकुव्हरमध्ये गाड्या तळघरात आणि पोडियममध्ये, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या बुटक्या भागात, माणसं राहतात. माझ्या वाटेवरचं एक दार सांगतो, फुटपाथपासून चार पायऱ्या वर, पुढे चटईएवढी बाग, कठड्यावर लहान मुलाचे चिखलाचे बूट उलटे ठेवलेले, आत स्वयंपाकघराचा दिवा. वर तीस मजले आहेत हे मान वर केल्याशिवाय कळतही नाही. टॉवर बारीक असतात, मजल्याला साधारण साडेसहा हजार चौरस फूट, दोन टॉवरमध्ये ८० फूट अंतर, त्यामुळे उजेड आणि वारा मधून निघून येतो. डोंगर दिसत राहावेत म्हणून १९८९ पासून ठरावीक ठिकाणांवरून दिसणारे दृश्याचे पट्टे राखून ठेवलेत, त्यात टॉवरचं डोकं घुसलेलं चालत नाही (हल्ली ते नियम थोडे सैल केलेत, त्यावर भांडणंही झाली). मुंबईत तसे डोंगर नाहीत पण समुद्राचा वारा आहे, आणि मजल्याला बारा फ्लॅटची भिंत किनाऱ्याला उभी केलीत तर मागच्या चाळींना तो बंद.

भराव टाकलेल्या जमिनीत तळघर महाग पडतं, पाणी लगेच लागतं, हे ज्युरी विचारणारच. तर पार्किंग अर्ध्यावर आणा आणि उरलेलं मधोमध ठेवून रस्त्याकडच्या बाजूला दुकानं, वर्कशॉप, छोटी घरं गुंडाळा.

माझी आई दोन वर्षांपूर्वी आली होती, गुडघे दुखतात, तरी साडीवर बूट घालून यालेटाऊनपासून खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या ऑलिंपिक व्हिलेजपर्यंत चालली. मला वाटलं पाणी, डोंगर याचं कौतुक करेल. तिने बाकं मोजली. म्हणाली, दर दोन-चार मिनिटांनी टेकायला आहे म्हणून जमलं रे, आणि बाथरूम कुठाय ते आधी सांग. एवढ्या वर्षांत मी काढलेल्या एकाही शीटवर बाथरूम आधी नव्हतं. तेव्हापासून आधी काढतो.

हिरवं म्हणजे टेरेसवर लॉन असं करू नका. झाडाला माती लागते, स्लॅबवर लावायचं असेल तर मीटर-दीड मीटर खोली धरा, नाहीतर जमिनीतच लावा. रॉयल पाम तर अजिबात नको. खारा वारा सोसणारी आपली झाडं आहेत, भेंड, उंडी, करंज, सावलीही देतात. शिवडीला भरती-ओहोटीत कित्येक फूट फरक पडतो, चिखल उघडा होतो, फ्लेमिंगो त्याच्यासाठीच येतात, तेव्हा तिथे सीवॉलची नक्कल करून काँक्रीटची भिंत घालू नका, तिवरांच्या मागे उंचावर चालायचा रस्ता ठेवा. खुद्द फॉल्स क्रीकमध्येही ऑलिंपिक व्हिलेजपाशी त्यांनी मुद्दाम एक छोटं बेट बनवलं, मासे-पक्ष्यांना जागा म्हणून. तिथल्या इमारती गरम ठेवायला सांडपाण्यातली उष्णता वापरतात हेही खरं, पण ते मुंबईला काय कामाचं, आपल्याला थंडावा हवाय. पावसासाठी तर बाहेर बघायचीच गरज नाही, डी. एन. रोडच्या कमानींखालून भर जुलैत न भिजता चालता येतं, तेच काढा.

आता व्हँकुव्हरच्या चुका. घरं इतकी महाग झाली की रिकाम्या घरांवर शहराला २०१७ पासून कर लावावा लागला. परवडणाऱ्या घरांसाठी २० टक्के जागा राखली, पण बांधायला पैसे कोण देणार ते न ठरल्यामुळे काही प्लॉट वर्षानुवर्षं पडून राहिले. बीपीटीच्या जमिनीवर आज हजारो लोक झोपड्यांतून आणि जुन्या क्वार्टर्समधून राहतायत, काम करतायत, त्यांची घरं प्लॅनवर पहिल्या टप्प्यात नसली तर नंतर कधीच येणार नाहीत.

एक काम करा, रविवारी रे रोडला उतरून पाण्यापर्यंत चालायचा प्रयत्न करा, जिथे अडवतील तिथे नकाशावर फुली मारा. मग त्याच रेषेवर स्टेशन ते पाणी असा सेक्शन (उभा छेद) काढा, १:२०० ला चालेल, पण खालच्या तीन मजल्यांचा १:५० ला. इथे टाकलात तर बघतो, शनिवारी वेळ असतो.