पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढल्यानंतर घरची कामे कधी सुरू करता येतात?

आपण लिहिले आहे की गाठींमुळे पुढच्या महिन्यात पोटावरून आपली पिशवी काढायची आहे, अंडाशये ठेवणार आहेत, आणि घरचे म्हणतात की पंधरा दिवसांत सगळे पूर्ववत होईल. माझीही हीच शस्त्रक्रिया वयाच्या 46व्या वर्षी मिरजेत झाली, म्हणून सांगते: पंधरा दिवस पुरत नाहीत, 6 ते 8 आठवडे धरा.

याचे कारण असे की पोटावरचे टाके दिसतात, परंतु गर्भाशय काढल्यावर योनीमार्गाचे वरचे टोक आतून शिवलेले असते, आणि ती शिवण भरून यायला वरच्या जखमेपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. माझे वरचे टाके तिसऱ्या आठवड्यात सुकले होते, दुखणेही थांबले होते, त्यामुळे मी भरलेली कळशी उचलून ओट्यावर ठेवली आणि संध्याकाळी ताजे लाल डाग दिसले. डॉक्टरांनी तपासून आतली शिवण शाबूत असल्याचे सांगितले. पण ती रात्र मी कशी काढली ते माझे मला ठाऊक. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतले टाके विरघळताना थोडा तपकिरी स्राव जाणे मात्र स्वाभाविक आहे, त्याला घाबरू नका.

पहिल्या दिवसापासून थोडे चालायचे, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरावी. तासगावला घरी येताना जीपमध्ये प्रत्येक खड्ड्याला मला त्याच उशीने तारले. शौचाला जोर लावणे फार वाईट, म्हणून पाणी भरपूर प्या, आणि भाताने टाके पिकतात या समजुतीपायी जेवण तोडू नका. शरीरसंबंध डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यानंतरच.

अंडाशये राहणार असल्याने पाळी थांबेल, पण रजोनिवृत्तीचा त्रास लगेच सुरू होत नाही, फक्त ती काही वर्षे आधी येऊ शकते. अकारण रडू येणे, लवकर थकवा येणे हे मलाही दोन महिने होते.

ताप 100.4 अंशांवर गेला, तासाभरात पॅड भिजू लागला, दुर्गंधीयुक्त स्राव आला, लघवी होईना, पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि पाणी कोण भरणार, जड भांडी कोण उतरवणार, हे दाखल होण्यापूर्वीच घरात नावानिशी ठरवून घ्या. माझ्या घरी ते ठरले नव्हते, म्हणूनच ती कळशी माझ्या हातात आली.