एलव्हीएममधली (लिनक्समध्ये अनेक डिस्कची जागा एकत्र करून वाटणारी व्यवस्था) एक डिस्क जायला आली आहे. सर्व्हर बंद न करता ती बदलता येते का?

येते. "सर्व्हर बंद करा आणि डीडीने क्लोन घ्या" असा सल्ला (डीडी म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल करणारी कमांड) दिसला की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलो.

एलव्हीएमला दिलेली डिस्क म्हणजे पीव्ही, पीव्हींचा गट म्हणजे व्हीजी आणि त्यातून कापलेला भाग म्हणजे एलव्ही. नव्या डिस्कवर पीव्हीक्रिएट कमांड, मग व्हीजीएक्स्टेंड, मग पीव्हीमूव्हला आधी जुनी आणि नंतर नवी डिस्क द्या. संपलं की व्हीजीरिड्यूस, पीव्हीरिमूव्ह. फाइलसिस्टिम माउंटच राहते. नवी डिस्क जुनीइतकी मोठी हवीच असं नाही. जुनीवर वापरलेले एक्स्टेंट (जागेचे ठरावीक आकाराचे तुकडे) मावले की झालं. तो आकडा पीव्हीएस कमांडने पाहा. मात्र नवीचा लॉजिकल सेक्टर (एका वेळी वाचता-लिहिता येणारा सर्वांत लहान तुकडा) ४०९६ बाइटचा आणि जुनीचा ५१२ चा असेल, तर व्हीजीएक्स्टेंड नकार देतं. ती अट सेटिंग बदलून उठवू नका, ५१२ सेक्टरवर बनवलेली एक्सएफएस फाइलसिस्टिम पुढे माउंट होणार नाही.

आता डीडीवाल्यांसाठी. एलव्हीएम डिस्क ओळखतं ते यूयूआयडीवरून (डिस्कवर लिहिलेला ओळखक्रमांक), एसडीबी-एसडीसी या नावांवरून नाही. क्लोन आणि मूळ डिस्क एकत्र जोडलेल्या राहिल्या की डुप्लिकेट पीव्हीचा घोळ झालाच. शिवाय डीडी रिकामी जागाही इमानेइतबारे कॉपी करतं. पहिल्या खराब सेक्टरला ते थांबतं. नोएरर (चूक आली तरी पुढे जा) दिलं पण सिंक (न वाचलेली जागा शून्यांनी भर) विसरलात, तर तिथून पुढचा सगळा डेटा सरकतो. पीव्हीमूव्ह तात्पुरता मिरर करून एकेक सेगमेंट हलवतं. मध्येच वीज गेली तर नुसतं पीव्हीमूव्ह, काहीही न देता, पुन्हा चालवा. शेवटच्या चेकपॉइंटपासून काम सुरू होतं. ॲबॉर्ट केलंत तर हललेले सेगमेंट नव्या डिस्कवरच राहतात, सुरुवातीला ॲटॉमिक (सगळं हललं तरच बदल पक्का) दिलं नसेल तर. घाई करू नका: ४ टीबी डेटा सेकंदाला १५० एमबीने हलवायला साडेसात तास लागतात.

बूट किंवा ईएफआयचं पार्टिशन त्याच डिस्कवर असेल तर ते एलव्हीएमच्या बाहेर असतं. पीव्हीमूव्ह त्याला हात लावत नाही, ते वेगळं हलवा.

हे सगळं डिस्क वाचता येत असेल तरच. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ क्रमांकाचे पेंडिंग, म्हणजे वाचता न आलेले, सेक्टर दिसत असतील तर पीव्हीमूव्ह त्यांच्यावर अडकू शकतं. तिथे मात्र क्लोनच, पण डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कमधून डेटा काढणारी कमांड) आणि मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) ठेवून. (हो, इथे डीडीवाले अर्धे बरोबर.) नंतर जुनी डिस्क काढूनच व्हीजी चालू करा. डिव्हाइसेस फाइल (एलव्हीएमने कोणत्या डिस्क वापरायच्या याची यादी) वापरणाऱ्या सिस्टिमवर क्लोन दिसलाच नाही, तर एलव्हीएमडिव्हाइसेसने तो यादीत घाला.

डिस्क पूर्ण मेली असेल आणि एलव्ही रेड प्रकारचा (डिस्क गेली तरी डेटा वाचेल असा अनेक डिस्कवर ठेवलेला) असेल, तर नवी डिस्क व्हीजीत घेऊन एलव्हीकन्व्हर्ट रिपेअर. लिनिअर (डेटाची एकच प्रत असलेला) असेल तर बॅकअप शोधा. व्हीजीरिड्यूसला रिमूव्हमिसिंगसोबत फोर्स देऊ नका. त्या डिस्कवर तुकडा असलेले एलव्ही अख्खे उडतात.