भुयारातल्या लोकांचा वाली

एक वाचक आपल्या नऊ वर्षांच्या भाचीसाठी जुन्या अमेरिकी कॉमिकचं मराठी करत आहेत. एक्स-मेन या सुपरहिरोंच्या मालिकेतली स्टॉर्म आणि न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनखालच्या बोगद्यांत राहणारे मॉरलॉक यांची ती गोष्ट. त्यांनी एक ओळ केली: 'स्टॉर्म ही शहराखालच्या विसरलेल्या भूमिगत लोकांची रक्षक आहे.' भाचीने ऐकलं आणि विचारलं, "मामा, काय विसरले ते लोक?" मामांचा आम्हाला प्रश्न असा की ओळीत नक्की काय चुकलं, आणि 'भूमिगत' व 'रक्षक' तरी बरोबर आहेत का.

भाचीचं व्याकरण पक्कं आहे. आधी तिच्याच शंकेचं पाहू.

'मी छत्री उघडली' म्हणताना क्रियापद छत्रीच्या मागे जातं. पण 'मी छत्री विसरलो' म्हणताना ते छत्रीला सोडून माझ्या मागे येतं. विसरणे, शिकणे, पिणे, जेवणे, समजणे ही मराठीतली अशी मंडळी आहेत की त्यांना कर्म असलं तरी भूतकाळात ती कर्त्याशीच जुळवून घेतात. त्यामुळे त्यांची '-लेला' लागलेली रूपं दोन्हीकडे चालतात. शिकलेली कविता असते तशी शिकलेली मुलगी असते. प्यालेला चहा असतो आणि प्यालेला माणूसही असतो, दोघांत बराच फरक असतो. 'विसरलेली छत्री' म्हटल्यावर गोंधळ होत नाही, कारण छत्रीला काही विसरता येत नाही. माणसांना येतं. म्हणून 'विसरलेले लोक' ऐकलं की मराठी कान आधी हेच धरतो की हे लोक काहीतरी विसरून आले आहेत. 'वाट विसरलेले', 'माणुसकी विसरलेले' अशी रूपं आपण रोज त्याच अर्थाने वापरतो. इंग्रजी विशेषण जसंच्या तसं उचललं की हा घोळ होतो, आणि तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही सर्रास दिसतो: 'विसरलेले क्रांतिकारक' वगैरे.

'विस्मृतीत गेलेले' हा शब्द व्याकरणाला शुद्ध आहे, पण तो इथे बसत नाही. विस्मृतीत जायला आधी कोणाच्या तरी स्मृतीत असावं लागतं. एके काळचा गाजलेला नट विस्मृतीत जातो. मॉरलॉकांची आठवण वरच्या शहराने कधी ठेवलीच नव्हती. मला इथे 'खिजगणतीत नसणे' हवंसं वाटतं. गणतीत धरलंच नाही, हा अर्थ त्यात उघड आहे, आणि 'खिज' काय ते माहीत नसतानाही त्यातला तुच्छतेचा सूर मराठी माणसाला ऐकू येतो. माझी आजी पंगतीत वाढप्याने आपल्याला ओलांडून पुढे गेलेलं पाहिलं की हा शब्द वापरायची. म्हणजे तो रागावून म्हणण्याचा शब्द आहे, थंडपणे नोंद करण्याचा नाही. गोष्टीला तेच हवं आहे.

आता 'भूमिगत'. वीजवाहिन्या भूमिगत असतात, त्याबद्दल वाद नाही. पण माणूस भूमिगत झाला म्हटलं की मराठीत लगेच १९४२ साल उभं राहतं. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत होते, म्हणजे ते साताऱ्याच्या जमिनीखाली नव्हते. गावोगाव, रानोमाळ, भरपूर उजेडातही होते. उषा मेहता आणि त्यांचे साथीदार ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ मुंबईत भूमिगत रेडिओ चालवत होते तो इमारतींमधल्या खोल्यांतून, आणि पोलिसांना चुकवण्यासाठी जागा बदलत बदलत. या शब्दातली 'भूमी' केव्हाच झिजून गेली, 'पोलिसांना सापडत नाही' एवढाच अर्थ उरला. शिवाय त्या भूमिगतांना लोक विसरले नव्हते, घराघरांत लपवत होते. मॉरलॉकांचं नेमकं उलट आहे. त्यांना कोणी शोधतच नव्हतं.

'पाताळवासी' हा शब्द अनेकांना सुचेल. भारदस्तही आहे. पण आपलं पाताळ म्हणजे गटार नव्हे हो. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल अशा सात लोकांना भागवताच्या पाचव्या स्कंधात 'बिलस्वर्ग' म्हटलं आहे, बिळातले स्वर्ग. विष्णुपुराणात नारद पाताळ पाहून येतो आणि इंद्रसभेत सांगतो की ते स्वर्गापेक्षा रम्य आहे. तिथे रत्नं आहेत, उद्यानं आहेत, नागांच्या मण्यांचा उजेड आहे. (मग 'रसातळाला जाणे' म्हणजे वाटोळं होणे हा अर्थ कसा आला, आणि कारस्थानी माणूस 'पाताळयंत्री' का, हा वेगळा लेख होईल.) वाहत्या सांडपाण्याशेजारी फाटके कपडे घालून राहणाऱ्यांना पाताळवासी म्हटलं की चित्र आणि शब्द यांचं भांडण सुरू होतं.

'तळघर' घराला असतं, शहराला नाही. राहता राहिलं 'भुयार'. हा शब्द अगदी आपल्या मातीतला: त्यात भुई आहे, आणि गुजरातीतलं 'भोंयरुं' त्याचं सख्खं भावंड. तो किल्ल्यांच्या दंतकथांत आहे, नगरपालिकेच्या 'भुयारी गटार योजने'त आहे, रस्ता ओलांडायच्या भुयारी मार्गात आहे आणि आता मुंबईच्या भुयारी मेट्रोतही आहे. एकाच शब्दात गूढही आणि सांडपाणीही. मॉरलॉकांना याहून चांगला शब्द मिळणार नाही. फक्त 'भुयारी लोक' म्हणू नका. 'भुयारी' हे विशेषण रस्ते, नळ, गाड्या यांना शोभतं. 'भुयारातले लोक' म्हणा. माणूस भुयारात राहतो, भुयाराचा बनलेला नसतो.

मॉरलॉक हे नाव तसंच ठेवा. एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या कादंबरीतून ते कॉमिकमध्ये आलं. तिथले मॉरलॉक ८०२७०१ सालातले, पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली ढकलल्या गेलेल्या कामकऱ्यांचे वंशज, आणि वरच्या नाजूक लोकांना ते खातात. म्हणजे भीतीचं नाव आहे ते. खाली राहणाऱ्यांना वरचे लोक नावं देतात ती नेहमी अशीच. न्यूयॉर्कमध्ये रिव्हरसाइड पार्कखालच्या रेल्वे बोगद्यात खरोखर माणसं राहत होती, १९९१ साली तिथून गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना हटवलं; त्या शहरात अशा लोकांना चिचुंद्रीसारख्या बीळ खणणाऱ्या प्राण्याचं नाव पडलं. बीजिंगमध्ये १९६९नंतर हवाई हल्ल्यांच्या भीतीने खोदलेल्या निवाऱ्यांत आणि इमारतींच्या तळघरांत भाड्याने राहणाऱ्या कष्टकऱ्यांना चिनी भाषेत 'उंदीर जमात' म्हणतात. मराठी करताना 'बिळातले', 'घुशी' असले शब्द हाताशी येतीलच. खलपात्रांच्या तोंडी खुशाल घाला, निवेदनात नको.

आता 'रक्षक'. मामा, या शब्दावर सोसायटीच्या सुरक्षारक्षकाने कब्जा केला आहे. गेटवरची वही, खुर्ची आणि डुलकी डोळ्यांपुढे येते. पर्याय पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचा पवित्रा वेगळा, आणि तो ठरवायला गोष्ट नीट पाहावी लागेल.

१९८३ सालच्या अंकांत मॉरलॉक पहिल्यांदा आले. त्यांची म्होरकी कॅलिस्टो. ती स्टॉर्मच्या एका सोबत्याला पळवून भुयारात नेते. सोडवायला गेलेली स्टॉर्म वादळं, पाऊस, विजा यांवर हुकमत असलेली. पण लहानपणी कैरोमध्ये मेलेल्या आईशेजारी ढिगाऱ्याखाली अडकून पडल्यामुळे तिला बंद जागेची विलक्षण भीती. तीच बाई भुयारात कॅलिस्टोशी सुऱ्याने द्वंद्व खेळते, जिंकते आणि त्यांच्या नियमाने त्यांची म्होरकी होते. मग ती त्यांना सांगते, वर आमच्याकडे राहायला चला. ते नको म्हणतात.

म्हणून 'तारणहार' बाद. तारणारा बुडत्याला बाहेर काढतो, आणि इथे कोणाला बाहेर यायचंच नाही. 'पाठीराखा' फार गोड शब्द, ओव्यांतल्या भावाचा, पण तो पाठीशी उभा असतो. शिवाय आता क्रिकेट संघांचेही पाठीराखे असतात. 'कैवारी' जवळ येतो. कैवार घेणे म्हणजे भांडणात एकाची बाजू घेणे, आणि बाजू घेणारा स्वतः मुळात भांडणाबाहेरचा असतो. त्यातून प्रत्येक चौकातल्या फ्लेक्सवर कोणी ना कोणी दीनदलितांचा कैवारी हात जोडून उभा असल्याने शब्द पातळ झाला आहे.

माझं मत 'वाली'ला. 'त्यांना कोणी वाली नाही' यातला वाली. रामायणातल्या सुग्रीवाच्या भावाशी याचा काही संबंध नाही, जरी तसं सांगणारे मला दोनदा भेटले आहेत. हा अरबीतून आला. तिथे वली म्हणजे पालक, ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी आहे असा. कैवारी आपल्या मर्जीने बाजू घेतो, वालीला मात्र जाब विचारता येतो. स्टॉर्मचं तेच होतं. ती म्होरकी होते आणि पुन्हा वर आपल्या माणसांत राहायला जाते, आणि १९८६च्या कथानकात मारेकरी भुयारात उतरून मॉरलॉकांची कत्तल करतात. कैवाऱ्याला त्याचं दुःख झालं असतं. वालीला ते चुकवता येत नाही.

या शब्दाची एक खोड आहे. तो जवळजवळ नेहमी नकारात किंवा प्रश्नात येतो. 'शेतकऱ्यांना वाली नाही', 'रुग्णांना वाली कोण?' असंच आपण म्हणतो. 'मी यांचा वाली' असं कोणी छाती ठोकून सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. मराठीत वाली हा नसतानाच आठवतो. त्यात स्त्रीसाठी वापरायचा तर 'भाजीवाली'तला प्रत्यय मध्ये येतो, 'भुयारातल्या लोकांची वाली' ऐकायला विचित्र लागतं. तेव्हा खोडीचाच उपयोग करून घ्या, नकार मराठीच्या सवयीप्रमाणे द्या आणि पुढचं वाचणाऱ्यावर सोडा:

'शहराच्या खिजगणतीतही नसलेल्या त्या भुयारातल्या लोकांना कोणी वाली नव्हता. आता स्टॉर्म होती.'

एका वाक्याची दोन झाली, पण भाची अडणार नाही.

पाताळ मी वर नाकारलं, तरी त्यातली एक गोष्ट तिला जरूर सांगा. वामनाने बळीला सुतलात धाडलं, हे दर दिवाळीत सगळे सांगतात. पुढचं फार कोणी सांगत नाही: भागवताप्रमाणे विष्णू स्वतः हातात गदा घेऊन त्या सुतलात बळीच्या दाराशी उभा राहिला, द्वारपाल म्हणून. वर परत गेला नाही. सुरक्षारक्षकाची मी मघाशी थट्टा केली ती तेवढी मागे घेतो.

'सुपरहिरो' मात्र सुपरहिरोच राहू द्या. 'महानायक' अमिताभ बच्चनकडे गेला आणि 'अतिमानव' तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत. मॉरलॉकचं अनेकवचन 'मॉरलॉक', सामान्यरूप 'मॉरलॉकां-': मॉरलॉकांना, मॉरलॉकांचा. इंग्रजी 'स' मध्ये घालून 'मॉरलॉक्सना' करायची गरज नाही. स्टॉर्मच्या नावाचं भाषांतर करायचा मोह झाला तर आवरा, कारण वादळ नपुंसकलिंगी आहे आणि 'वादळ भुयारात उतरली' असं लिहिलंत की भाची पुन्हा तुम्हाला धरणार.