तुरीचा भाव आणि गुणाकार

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. बीएस्सीला गणित घेतलंस आणि आता घरचे विचारतात, ‘याचं पुढं करायचं काय?’ त्यांना ऐकवायला तुला माझ्याकडून एक भक्कम उत्तर हवं आहे. नोकऱ्यांची यादी कोणीही काढून देईल, त्यात मी पडत नाही. पण एक सवय लावून घे: पेपर वाचताना हातात पेन्सिल असू दे.

एप्रिल २०२२ मध्ये देशातली किरकोळ महागाई ७.७९ टक्के होती, एप्रिल २०२३ मध्ये ४.७० टक्के. ‘महागाई उतरली’ असं वाचून नागपूरच्या इतवारीत किराणा भरणारी बाई चिडते, आणि तिचं बरोबरच आहे. उतरला तो वेग. भाव चढतच राहिले. दोन वर्षांचे मिळून किती? बेरीज केलीस तर १२.४९ टक्के. पण १.०७७९ ला १.०४७० ने गुणून बघ, १२.८६ टक्के येतात. मधला फरक म्हणजे पहिल्या वाढीवर चढलेली दुसरी वाढ.

हाच फरक जेकब बर्नूली हा स्विस गणिती १६८३ मध्ये खणत बसला होता. एक रुपया, व्याज वर्षाला शंभर टक्के, तर अखेरीस दोन रुपये. व्याज सहामाही जोडलं तर २.२५. दरमहा जोडलं तर २.६१, रोज जोडलं तर २.७१ च्या थोडं वर. क्षणाक्षणाला जोडलं तरी रक्कम २.७१८२८... ओलांडत नाही. सावकाराच्या हावेलाही एक भिंत आहे! मला विचारशील तर गणिताचं सौंदर्य ते हे. उपयोग नंतर आला तर आला.

संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेवरून तुझं जाणं-येणं असतंच. तिला दिलेलं लक्ष्य ४ टक्के महागाईचं, २ टक्के इकडे-तिकडे. भाव दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील, याचा ढोबळ अंदाज ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागून येतो. आता ७२ ला ४ ने भाग. म्हणजे सगळं आटोक्यात असलं तरी साधारण १८ वर्षांत भाव दुप्पट. हे कोणी मथळ्यात छापत नाही.

आता तूर. २०१५ च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती. पुढच्या खरिपात लोकांनी तूर दणकून पेरली, पाऊसही बरा झाला आणि पीक जवळपास दुप्पट आलं. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये, बाजार त्याच्या खाली. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजवायला अर्थतज्ज्ञ नको. पण कागदावर मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा काढ. यंदाचा भाव पुढच्या सालचा पेरा ठरवतो, तो पेरा पुढचा भाव ठरवतो. पेन्सिल रेषांमध्ये चौकोनी फिरत राहते आणि कोळ्याचं जाळं तयार होतं. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोरने १९३४ मध्ये या सिद्धान्ताला नावही तेच दिलं.

जाळं आत वळेल की बाहेर पसरेल? एका रुपयाच्या फरकाने शेतकरी पेरा किती बदलतो आणि गिऱ्हाईक खरेदी किती बदलतं, त्यांचं गुणोत्तर काढ. ते एकापेक्षा कमी असेल तर भाव हळूहळू स्थिरावतो, जास्त असेल तर दरवर्षी अधिकच उधळतो. तू पहिल्या वर्षाला शिकलेली भूमितीय श्रेढीच ही, फक्त ऋण चिन्ह लागलेली. व्याजातही गुणाकार, इथेही गुणाकार. एका चिन्हाने चढण जाऊन हेलकावे आले.

मात्र या आकृतीच्या प्रेमात पडून शेतकऱ्याला भोळा समजू नकोस. तो फक्त मागच्या सालचा भाव बघून पेरत नाही. बियाणं, मजूर, पावसाचा अंदाज, सगळं बघतो. त्यात आयात, साठ्यावरची मर्यादा, सरकारी खरेदी आलीच. टीव्हीवरचे काही लोक एक आलेख दाखवून देशाचं भविष्य सांगतात, बाप्पा! आलेखामागे काय गृहीत धरलंय, हे विचारायला तुला तुझ्या विषयाने शिकवलंय. म्हणून सिद्धता टाळून थेट सूत्रावर उडी मारू नकोस, कितीही कंटाळा आला तरी.

परीक्षा संपली की एक काम कर. कळमना बाजार समितीचे तुरीचे मागचे दहा-बारा वर्षांचे भाव मिळव आणि आलेख कागदावर मांड. जाळं आत वळतंय का ते बघ. जिथे रेषा मध्येच तुटलेली दिसेल, तिथे त्या साली सरकारने काय निर्णय घेतला होता, ते समासात लिही आणि कागद मला पाठव. घरच्यांशी बोलायचं असेल तर मी फोन करीन.

तुझा,
सर