कशाचं, कुठलं, कुठून?

इंग्रजीच्या वापराबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी, वस्तूचं किंवा माणसाचं मूळ सांगण्याविषयीचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मूळ पदार्थ ओळखू येत असेल तर ‘मेड ऑफ’, बदलला असेल तर ‘मेड फ्रॉम’, असा नियम शिकलो. पण एकाच प्लास्टिकच्या बाटलीबद्दल दोन्ही वाचायला मिळतं. मग नियम चुकीचा का?

उत्तर : चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मराठीच्या आधाराने ठरवायला गेलात तर फसाल. आपण ‘लाकडाचं टेबल’ म्हणतो तसंच ‘द्राक्षांची वाइन’ही म्हणतो. आपल्या ‘चं’ला दोन्ही चालतं, इंग्रजीला नाही.

त्यापेक्षा वस्तूवर बोट ठेवा आणि पदार्थाचं नाव घ्या. टेबलावर बोट ठेवून ‘हे लाकूड आहे’ म्हणता येतं, म्हणून ‘मेड ऑफ वुड’. कागदावर बोट ठेवून ‘हे लाकूड आहे’ म्हणता येत नाही, म्हणून ‘मेड फ्रॉम वुड’. वाइनही ‘फ्रॉम ग्रेप्स’च. आता तुमची बाटली. ‘हे प्लास्टिक आहे’ हे खरंच आहे, म्हणून ‘मेड ऑफ प्लास्टिक’. पण ती जुन्या बाटल्या वितळवून केली असेल तर ‘या जुन्या बाटल्या आहेत’ असं म्हणता येणार नाही, म्हणून ‘मेड फ्रॉम ओल्ड बॉटल्स’. वस्तू एकच, पण पदार्थ म्हणून काय सांगता त्यावर शब्द बदलला. ‘रीसायकल्ड प्लास्टिक’ मात्र अगदी काठावरचं. हातातली वस्तू सांगायची असेल तर ‘ऑफ’, ती घडवण्याची प्रक्रिया डोक्यात असेल तर ‘फ्रॉम’, त्यामुळे तिथे दोन्ही दिसतात.

‘मेड आउट ऑफ’ तेव्हा शोभतं जेव्हा एका कामाची वस्तू दुसऱ्याच कामाला लावली जाते : वर्तमानपत्राची होडी, टायरचा झोपाळा. ‘मेड अप ऑफ’ हे घटकांसाठी, म्हणजे अकरा खेळाडूंचा संघ, चार सदस्यांची समिती. आणि पाकिटावरचं ‘मेड विथ रिअल फ्रूट’ नीट वाचा. ‘विथ’ एवढंच सांगतो की फळ त्यात आहे. किती आहे, आणखी काय आहे, याबद्दल तो गप्प असतो. जाहिरातवाल्यांचा हा लाडका शब्द आहे, तो उगाच नव्हे.

प्रश्न : मुलाखतीत ‘आय ॲम कमिंग फ्रॉम’ म्हणून गावाचं नाव सांगितलं तर समोरचा हसला. चूक काय झाली?

उत्तर : तुम्ही ‘मी अमुक गावचा’ म्हणायला गेलात, त्यांना ‘मी अमुक गावाहून येतोय’ असं ऐकू आलं. मूळ बदलत नाही, म्हणून साधा वर्तमानकाळ : ‘आय कम फ्रॉम’, किंवा त्याहून सोपं ‘आय ॲम फ्रॉम’. ‘आय केम फ्रॉम’ म्हटलं की पुन्हा प्रवासच वाटतो. शब्दांनाही हाच नियम : ‘दिस वर्ड कम्स फ्रॉम लॅटिन’.

‘हेल फ्रॉम’ कागदी वाटतं. ते मूळचं जहाजांचं, जहाज कुठल्या बंदराचं हे सांगण्याचं, बोलताना टाळा. ‘आय बिलाँग टु’ संस्थेसाठी, पक्षासाठी ठेवा. एक ‘कमिंग फ्रॉम’ मात्र अस्सल आहे : ‘आय सी व्हेअर यू आर कमिंग फ्रॉम’. त्याचा गावाशी संबंध नाही, तुमचं म्हणणं कुठल्या विचारातून आलंय ते कळलं, असा अर्थ.

प्रश्न : ‘मेड इन’, ‘प्रॉडक्ट ऑफ’, ‘असेंबल्ड इन’ हे सगळं एकच ना?

उत्तर : बोलण्यात जवळजवळ एकच, कायद्यात नाही. आणि देशागणिक वेगळं. कॅनडात खाद्येतर वस्तूवर ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ लिहायचं तर उत्पादनाच्या थेट खर्चापैकी किमान 98 टक्के तिथला लागतो, ‘मेड इन कॅनडा’ला 51 टक्के पुरतात, दोन्हींसाठी शेवटचा महत्त्वाचा बदल तिथेच झालेला हवा. अमेरिकेत नुसतं ‘मेड इन यूएसए’ लिहायला ‘सगळं किंवा जवळजवळ सगळं’ तिथलं असावं लागतं, आणि ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ही त्याच मापाने मोजतात. म्हणून फोनवर ‘डिझाइन्ड इन कॅलिफोर्निया, असेंबल्ड इन चायना’ अशी काळजीपूर्वक तोललेली भाषा दिसते : आराखडा एकीकडचा, जोडणी दुसरीकडची, सुटे भाग कुठले ते कुणी म्हटलेलंच नाही.

ब्रिटनने 1887 मध्ये कायदा केला की ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा खूण असलेल्या परदेशी मालावर मूळ देश छापायचा. रोख जर्मन मालावर होता. झालं उलटंच, ‘मेड इन जर्मनी’ ही दर्जाची खूण बनली. अमेरिकेने 1890 च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. जपानी भांडी काही वर्षं ‘निप्पॉन’ (जपानचंच जपानी नाव) छापून आली. 1921 मध्ये तो शब्द इंग्रजी नाही असं ठरलं आणि ‘जपान’ लिहावं लागलं. जुन्या भांड्याचा काळ ठरवताना संग्राहक ही खूण आजही पाहतात.

प्रश्न : ‘ॲन इटालियन’ चालतं, मग ‘अ जॅपनीज’ का खटकतं?

उत्तर : शब्दकोशात ते सापडेल, पण कानाला ओबडधोबड लागतं. ‘-अन’ने संपणारे शब्द एका माणसासाठी बिनधास्त वापरा. ‘-ईज’वाल्यांपुढे नाम जोडा : ‘अ जॅपनीज स्टुडंट’. ‘इंग्लिश’, ‘फ्रेंच’, ‘डच’ एका माणसासाठी एकटे चालतच नाहीत. ‘शी इज फ्रेंच’ म्हणा, काम झालं. ‘स्कॉच’ व्हिस्कीला, माणसाला ‘स्कॉटिश’. शहरांना तर नियमच नाही : लंडनचा ‘लंडनर’, मँचेस्टरचा ‘मँक्यूनियन’, लिव्हरपूलचा ‘लिव्हरपडलियन’. हे पाठच करायचे.

प्रश्न : टर्की पक्षी टर्कीचा का?

उत्तर : तो टर्कीचा नाहीच. ‘द टर्की इज नेटिव्ह टु नॉर्थ अमेरिका’ हे बरोबर वाक्य. (प्राणी-वनस्पतींना ‘नेटिव्ह टु’ चालतं, माणसांना ‘नेटिव्ह्ज’ म्हणू नका, त्यात वसाहतीच्या काळचा तुच्छभाव आहे.) इंग्रजीत ‘टर्की’ हे नाव आधी गिनी फाउल या आफ्रिकेतल्या पक्ष्याला पडलं होतं, कारण तो तुर्की मुलखांतल्या व्यापारातून येई, अमेरिकेतला पक्षी आल्यावर ते त्याला चिकटलं. फ्रेंचांनी त्याच पक्ष्याला ‘भारताचा’ या अर्थाचं ‘दँद’ म्हटलं. आणि खुद्द तुर्की भाषेत तो ‘हिंदी’.