स्पेशल कुठला घेऊ?

चि. भाचीस,
अ. उ. आशीर्वाद.

एस.वाय.ला स्पेशल कुठला घेऊ, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र की मराठी, असं विचारलंस. ‘कुठलाही घे, सगळेच चांगले’ असं मी म्हणणार नाही. असं म्हणणाऱ्याला बहुधा एकच विषय येत असतो, कधीकधी तोही नाही. ‘स्कोप’ कशाला आहे ते तुझे बाबा सांगतीलच. मी एवढंच करतो: दुष्काळ ही एकच गोष्ट घेतो आणि कुठला विषय तिला कसा भिडतो ते दाखवतो.

१६३० ते ३२ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांनी आपली हकिकत एका अभंगात सांगितली आहे: दुष्काळाने द्रव्य आटलं, मान गेला, एक बायको ‘अन्न अन्न’ करत मेली.

इतिहासवाला हे वाचतो आणि लगेच शेजारी दुसरा कागद ठेवतो. बादशाही दरबारातला अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, शाहजहानने बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गोरगरिबांना वाटले. वीस सोमवारांचे मिळून एक लाख. आकडा कसा चोख आहे! पण लिहिणारा दरबारी माणूस, धन्याचं औदार्य टिपणं हे त्याचं कामच. शिवाय बादशहा बुऱ्हाणपुरात बसला होता तो दानधर्मासाठी नाही, दख्खनच्या मोहिमेसाठी. पाऊस गेला हे खरंच, पण त्याच मुलखातून फौजाही दाणावैरण उचलत फिरत होत्या. दानाच्या हिशेबाशेजारी हा दुसरा हिशेब मांडायचा, आणि प्रत्येक कागदाला ‘तुला कुणी लिहिलं, कुणासाठी?’ असं विचारत राहायचं, याला इतिहास म्हणतात. सनावळ्या पाठ करणं हा त्यातला सगळ्यात फालतू भाग.

मराठीवाली त्याच अभंगात क्रम बघेल. आधी पैसा, मग मान, मग बायको. पुढे लगेच लाज, आणि धंद्यात आलेली तूट. मरणाची बातमी दोन तोट्यांच्या मधे, तीही एका ओळीत, एकही विशेषण न लावता. माणूस असं का सांगतो? रडून झाल्यावर सांगतो आहे म्हणून, की हिशेब ठेवणाऱ्या वाण्याची सवय म्हणून? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच दप्तरात सापडायचं नाही, ते त्या ओळींतच शोधावं लागतं. साहित्याला नुसता ‘पुरावा’ समजून वापरणारे हे बघतच नाहीत, याचा मला जरा रागच येतो.

आता १९७२ च्या दुष्काळाकडे ये. अर्थशास्त्र माझा विषय नाही, तरी इथे सगळ्यात धारदार उत्तर त्याच्याकडे आहे हे कबूल करायला हवं. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली १९४३ च्या बंगालमधल्या दुष्काळाचं उदाहरण घेऊन मांडलं की, माणसं उपाशी मरतात ती मुलखात धान्य नसतं म्हणूनच असं नाही. धान्य मिळवायची ताकद हातात उरत नाही म्हणूनही मरतात. महाराष्ट्रात ७२ ला पिकं साफ गेली, पण बंगालसारखी प्रेतं पडली नाहीत. कारण दुष्काळी कामं निघाली: खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती. हातात मजुरी पडली की धान्य माणसाच्या दिशेने सरकतं. बाबांची पगाराची स्लिप माग. तिच्यात पी.टी. म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले असतील, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच आला.

पण तुकोबांचा ‘मान गेला’ कुठल्या रकान्यात भरणार? बागाईतदाराची सून पहिल्यांदा खडी फोडायला बसली, तेव्हा ती पदर कसा ओढून बसली, शेजारी कोण होतं, डेऱ्यातलं पाणी कुणाला वरून ओतून मिळालं, घरी आल्यावर भाकरी शेवटी कुणाच्या वाट्याला आली, हे समाजशास्त्र विचारतं. त्याच सुमाराला समाजकार्यकर्ते बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत, म्हणजे सगळ्या जातींना पाणी एकाच ठिकाणी मिळावं म्हणून, गावोगाव फिरत होते, हे ध्यानात ठेव. मजुरीचे दर सगळ्यांना सारखे असले तरी पाणी सारखं नव्हतं. ही माहिती मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, सापडत नाही. त्यासाठी माणसांत जाऊन बसावं लागतं, आणि गप्प बसावं लागतं. तुला ते जमेल का, विचार कर. बोलकी आहेस!

तत्त्वज्ञान तुझ्या यादीत नाही, म्हणून दोन ओळींत आटपतो. सोमवारचे पाच हजार हे दान होतं, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला, तेव्हा काम मागणं हा हक्क झाला. भुकेल्याच्या पोटाला दोन्ही सारखंच, मग फरक कशात? यावर रात्र जाणार असेल तर तो विषय असलेलं कॉलेज बघ.

निवड करताना कुठल्या विषयाचं उत्तर आवडतं ते बघू नकोस, कुठलं काम कंटाळा न येता करशील ते बघ. इतिहास म्हणजे मोडी शिकणं आणि पुण्याच्या पुरालेखागारात धुळीत बसणं. अर्थशास्त्र म्हणजे गणित. त्यातून सुटका नाही. मराठी म्हणजे तीच ओळ दहादा वाचणं.

तुझी सोलापूरकडची आजी नेहमी म्हणते ना, ‘७२ ला अन्नाचा दुष्काळ होता, पाण्याचा नव्हता’? या सुट्टीत तिच्याजवळ बस, फोनवर रेकॉर्ड कर. ती भाव सांगेल, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरीबद्दल सांगेल, कामांवर वाटलेल्या सुकडी नावाच्या कोरड्या खाऊबद्दल सांगेल. नंतर ऐकताना स्वतःकडे लक्ष ठेव: भाव खरा होता का हे ताडून बघावंसं वाटतं, की भाकरी कुणी आधी खाल्ली हे, की ती सांगता सांगता कुठे थांबली हे? फॉर्म त्यानंतर भर. शेवटची तारीख तेवढी कळव.

तुझा,
मामा