समुद्रकाचेला भोक पाडताना तडा का जातो?

दीवच्या किनाऱ्यावर वेचलेल्या समुद्रकाचांचे, म्हणजे लाटांनी घासून धुरकट झालेल्या काचेच्या तुकड्यांचे, कानातले करताना भोक पाडलं की तडा जातो, आणि विकताना किंमत काय ठेवावी, असं तुम्ही विचारलंय. आधी भोकाचं सांगते.

भोक पडत असताना ड्रिलच्या बिटाच्या (भोक पाडणाऱ्या काडीच्या) टोकाखालची काच तापते, भोवतालची गार राहते, तिथेच ती तडकते. त्यामुळे काच पाण्याखालीच हवी. उथळ डब्यात लाकडाची फळी, तिच्यावर काच, वर दोनेक मिलिमीटर पाणी. बिट डायमंडचं, १ ते १.५ मिलिमीटरचं. सुरुवातीला ते तिरकं धरा म्हणजे घसरणार नाही. खाच पडली की हळूहळू सरळ करा. जोर अजिबात लावू नका. चार-पाच सेकंदांनी बिट उचलायचंच, कारण काचेचं पांढरं पीठ भोकात साठलं की बिट त्यातच घासत राहतं आणि तापतं. निम्मं झालं की काच उलटी करून मागून पाडा. एकाच बाजूने आरपार गेलात तर मागचा टवका हमखास उडतो. कडेपासून निदान ३-४ मिलिमीटर सोडा.

भोकात ०.८ मिलिमीटरची चांदीची तार घाला. तांब्याची काळी पडते, कधी कातडीवर हिरवट डाग ठेवते.

आणि तेल लावू नका! मांडवीकडच्या एका दुकानदाराशी माझा याच मुद्द्यावर वाद आहे. त्याच्या मते गिऱ्हाइकाला चमक लागते, म्हणून खोबरेल चोळायचं. अहो, तो धुरकटपणा हेच तर समुद्राचं काम आहे! वाळूने घासून आणि खाऱ्या पाण्याने पृष्ठभाग झिजवून तो कित्येक वर्षांत येतो. तेल त्या बारीक खळग्यांत शिरतं आणि काच साध्या बाटलीसारखी दिसू लागते. चुकून लागलं असेल तर साबणाने धुवा. काच खरी आहे का ते बघायचं तर, भिंगाखाली चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा दिसल्या तर ती समुद्रातली असण्याची शक्यता जास्त. ॲसिडने धुरकट केलेली काच सगळीकडे सारखी गुळगुळीत दिसते. तसली समुद्रकाच म्हणून विकणं मला फसवणूकच वाटते.

किंमत मजुरी आणि चांदी धरून लावा. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या तुकड्यांना वेगळा भाव लावू नका, ते सहज मिळतात. लाल मिळाली तर मात्र ती जपून ठेवा.

एक राहिलंच: डब्यात पाणी असल्याने वायरचं ड्रिल नको, बॅटरीचं घ्या, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. पीठ सुकू देऊ नका, ओलं असतानाच पुसून घ्या, श्वासात जायला नको.